दिवा विझविण्याची सुन्नत

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने सूर्याला तेज दिले, चंद्राला प्रकाश दिला आणि रात्रीला माणसाच्या विश्रांतीचे वस्त्र बनविले. सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सर्व सहाबांवर.



नमाज, रोजा, जकात, हज यांविषयी आपण मशिदीत ऐकतो, या मासिकातही वाचतो. परंतु इस्लाम ही केवळ मशिदीच्या उंबरठ्याच्या आत पाळण्याची गोष्ट नाही. पाणी कसे प्यावे, रस्त्यावरचा काटा कसा बाजूला करावा, रात्री दार कसे लावावे, भांडे कसे झाकावे हेही प्रेषितांनी (स.) आपल्या अनुयायांना शिकविले. त्याच शिकवणुकीत एक छोटीशी गोष्ट आहे, जिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. झोपण्यापूर्वी दिवा विझवा, असा आदेश प्रेषितांनी (स.) दिला आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत या अर्थाच्या हदीस आहेत. या लेखात त्या विझविलेल्या दिव्याविषयी, आणि आपल्या घरांत कारण नसताना जळत राहणाऱ्या दिव्यांविषयी विचार करू या.

ज्या घरात दिवा नव्हता

उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) रात्री घरात नमाज पढत, तेव्हा त्या समोर निजलेल्या असत. जागा इतकी अपुरी होती की सजद्याच्या वेळी प्रेषित (स.) त्यांना हलकेच स्पर्श करीत आणि त्या आपले पाय आखडून घेत. हे सांगताना त्या पुढे एक साधी माहिती देतात: त्या काळी घरांमध्ये दिवे नसत. ही रिवायत बुखारीत आहे.

क्षणभर या वाक्यापाशी थांबावे. ज्या घरात कुरआन अवतरत होते, ज्या घरातून जगाला मार्ग दाखविला जात होता, त्या घरात रात्री दिवा लावण्याचीही सोय नव्हती. आज आपल्यापैकी अत्यंत साध्या घरातही भिंतीवरचे एक बटण दाबले की खोली उजळते. आपल्या आजी-आजोबांनी दिवेलागणीला कंदिलाची काच राखेने पुसली, चिमणीच्या धुरात डोळे लाल केले, रॉकेलसाठी रांगा लावल्या. आपल्याला त्यातले काही करावे लागत नाही. ही नेमत आहे, आणि सूरह तकासुरच्या शेवटी माणसाला बजावले आहे की त्या दिवशी नेमतींविषयी विचारणा होईल. त्या विचारणेत विजेचा दिवा असणार नाही असे मानण्याला काही आधार नाही.

दिवा विझविण्यामागचे कारण

दिवा विझविण्याच्या आदेशामागचे कारण हदीसमध्येच स्पष्ट केले आहे. उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घरातील माणसांसह घर पेटते. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या रिवायतीनुसार मदिनेत एकदा रात्री एका घराला आग लागली. प्रेषितांना (स.) ते कळविण्यात आले, तेव्हा त्यांनी अग्नीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपताना तो विझविण्यास सांगितले.

हदीसच्या भाष्यकारांनी या आदेशाचा सूक्ष्म विचार केला आहे. इमाम नववी (रह.) यांनी म्हटले आहे की, दिवा टांगलेला असेल आणि त्यापासून आगीची भीती नसेल, तर तो जळत ठेवण्यास हरकत नाही, कारण मनाई ज्या कारणासाठी आहे ते कारणच तेथे उरत नाही. हा प्रामाणिक न्याय आहे. म्हणून विजेचा दिवा रात्रभर चालू ठेवणे या हदीसमुळे हराम ठरते, असे मी म्हणणार नाही. आजारी माणसासाठी, तान्ह्या बाळासाठी, रात्री उठणाऱ्या वृद्ध आई-वडिलांसाठी मंद दिवा ठेवणे ही गरज आहे, आणि गरजेला शरीअतमध्ये मान आहे.

परंतु ज्या न्यायाने उंदराची भीती संपली की मनाई संपते, त्याच न्यायाने दुसरे एखादे कारण उभे राहिले की प्रश्न पुन्हा उभा राहतो. आपल्या काळात ते कारण आहे इस्राफ, म्हणजे उधळपट्टी. आणि त्या उधळपट्टीमुळे दुसऱ्याला पोहोचणारी हानी.

इस्राफ म्हणजे काय

सूरह आराफच्या ३१ व्या आयतीत अल्लाहने खाण्यापिण्याची मुभा दिली आणि त्याच वेळी मर्यादा ओलांडू नका असे सांगितले. येथे हराम वस्तूंचा विषय नाही, हे ध्यानात घ्यावे. अन्न हलाल आहे, पाणी हलाल आहे. तरीही त्यांच्या वापराला हद्द आहे. सूरह बनी इस्राईलच्या २६ व्या आणि २७ व्या आयतींत नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याचा आदेश आहे आणि लगोलग उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. उधळलेली रक्कम हवेत विरत नाही. ती कुणाच्या तरी हक्कातून वजा होते.

उलेमांनी दोन शब्दांत फरक केला आहे. गैर कामात खर्च करणे हे तबजीर, आणि योग्य कामातही गरजेपेक्षा अधिक खर्च करणे हा इस्राफ. अभ्यासासाठी दिवा लावणे योग्य आहे. मूल अभ्यास संपवून अंगणात गेल्यावरही तो तीन तास जळत राहणे हा इस्राफ. दुसऱ्या टोकाला कंजूषपणाही निषिद्ध आहे. सूरह फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे वर्णन करताना सांगितले आहे की ते खर्चात ना उधळे असतात ना कृपण. त्यांची वाट या दोहोंमधली असते. म्हणून आजीच्या खोलीतला दिवा काढून घेऊन केलेली बचत ही इस्लामी काटकसर नव्हे. जिने उतरताना वृद्ध माणूस पडला, तर वाचविलेले दहा रुपये कशाच्या कामाचे?

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. "बिल मी भरतो. माझ्या कमाईचे पैसे, माझ्या घरातला दिवा. मग हिशेब कुणाला द्यायचा?"

याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिले असे की, कमाई ही आपली मालमत्ता वाटत असली तरी ती अमानत आहे. हदीसमध्ये स्पष्ट केले आहे की कयामतच्या दिवशी संपत्ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली, हे दोन्ही प्रश्न विचारले जातील. आपण बहुधा पहिल्या प्रश्नाची तयारी करतो आणि दुसरा विसरतो. दुसरे उत्तर असे की, आपण भरलेल्या बिलात त्या विजेची संपूर्ण किंमत नसते. त्या विजेसाठी जो कोळसा जळाला, जे पाणी वापरले गेले, जी राख उडाली, त्याची काही किंमत अशा माणसांनी चुकती केलेली असते ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

धूर कोणाच्या अंगणात जातो

आपल्या महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही कोळशातून येतो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी, नाशिकजवळील एकलहरे ही नावे आपण ऐकली आहेत. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात दिवा लागतो तेव्हा धूर तेथे दिसत नाही. तो चंद्रपूरच्या आकाशात दिसतो, आणि त्या राखेशी तेथील आई-बहिणींची रोजची गाठ असते.

पाण्याचीही तीच कथा. औष्णिक केंद्राला वाफेसाठी आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. माणसांना प्यायला पाणी नाही आणि वीज केंद्रालाही नाही, अशी वेळ आपल्या राज्याने पाहिली आहे. वुजू करताना नळ जपून सोडणारा मोमिन रिकाम्या खोलीत दिवा जळत ठेवतो, तेव्हा तो दूर कुठेतरी एक दुसरा नळ उघडा ठेवत असतो.

आपल्या देशाच्या वीजजाळ्यातून एक युनिट वीज वापरली की सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. हा वायू पृथ्वीभोवती उष्णता धरून ठेवतो. वाढती उष्णता, लहरी पाऊस, पिकांचे नुकसान यांची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे तो खिडकी लावून घेतो. पत्र्याच्या छपराखाली राहणारा, उन्हात बांधकामावर राबणारा, कोरडवाहू शेतात बियाणे टाकणारा ती झळ अंगावर घेतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हा प्रेषितांचा (स.) उपदेश फिकहचा एक पायाभूत नियम बनला आहे. हानी उघड हातांनी केली काय किंवा भिंतीवरच्या बटणाने केली काय, नियम बदलत नाही.

एका घराचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. अल्लाहने माणसाला अक्कल दिली आहे, आणि तिचा उपयोग हिशेबासाठी करणे हेही शुक्र आहे.

जुना काचेचा पिवळा बल्ब प्रत्यक्षात दिव्यापेक्षा शेगडी अधिक असतो. त्यातील तार तापून लाल-पांढरी होते तेव्हा उजेड पडतो. पण घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते. एलईडी दिव्यात तार तापवावी लागत नाही. अर्धवाहक पदार्थातून थेट प्रकाश निघतो. पांढरा उजेड देणारे असे दिवे शक्य झाले ते निळ्या एलईडीच्या शोधामुळे. त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ६० वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड देतो, तेवढा, किंबहुना थोडा अधिक, उजेड ९ वॅटचा एलईडी बल्ब देतो.

एक मध्यम घर डोळ्यांसमोर आणू. दोन जुन्या ट्यूबलाइट, चोकसह प्रत्येकी सुमारे ५० वॅट, रोज सहा तास. स्वयंपाकघर आणि व्हरांड्यात ६० वॅटचे दोन बल्ब, रोज तीन तास. आणि रात्रभर, म्हणजे दहा तास, जळणारा एक "झिरोचा" बल्ब. या झिरोच्या नावाने आपली अनेक वर्षे दिशाभूल झाली आहे. जुन्या पद्धतीचा तो छोटा बल्ब शून्य नव्हे, तर साधारण १५ वॅट वीज घेतो. जुन्या मीटरवर ती नीट नोंदली जात नसे, म्हणून नाव पडले झिरो. नोंद झाली नाही म्हणजे खर्च झाला नाही, असे समजणाऱ्या मनासाठी हा छोटा बल्बच पुरेसा धडा आहे.

आता ट्यूबच्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या, बल्बच्या जागी ९ वॅटचे एलईडी आणि झिरोच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा लावला असे समजू. दोन ट्यूबमध्ये वर्षाला सुमारे १३१ युनिट वाचतात, दोन बल्बमध्ये सुमारे ११२ आणि एकट्या झिरोमध्ये सुमारे ५३. एकूण जवळजवळ २९५ युनिट. हिशेबाच्या सोयीसाठी एक युनिट आठ रुपयांचे धरले, तर वर्षाला सुमारे २,३६० रुपये. हवेत जाणारा सुमारे २०० किलो कार्बन डायऑक्साइड कमी. हे सर्व दिवे बदलण्याचा खर्च साधारणपणे हजार रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे पाच-सहा महिन्यांत तो वसूल होतो. शिवाय घरगुती विजेचे दर पायऱ्यापायऱ्यांनी वाढतात. महिन्याचा वापर १०० युनिटांच्या वर गेला की पुढच्या युनिटांचा दर चढतो. त्यामुळे वाचविलेले युनिट हे बहुधा सर्वांत महागड्या पायरीवरचे असते.

पूर्वी एलईडी महाग होते, ही तक्रार खरी होती. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने उजाला योजना सुरू केली. सरकारने एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये असलेली बल्बची खरेदी-किंमत २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. त्या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. आता महागाईचे कारण पुढे करण्याला फारशी जागा उरलेली नाही.

स्वस्त झाले म्हणून

येथे नफ्सचा एक डाव ओळखला पाहिजे. दिवा कमी वीज घेतो हे कळल्यावर माणूस म्हणतो, "जळू दे, त्याला काय लागते?" मग एका दिव्याच्या जागी छतात आठ दिवे बसतात, पायऱ्यांखाली पट्ट्या लागतात, गच्चीवर रंगीत माळा चढतात. वस्तू काटकसरीची, पण वापर उधळा, असे झाले तर बचत हातात काहीच राहत नाही. सुनन इब्ने माजामध्ये एक रिवायत आहे. तिच्या सनदीवर मुहद्दिसांनी बोट ठेवले आहे, पण तिचा आशय कुरआनच्या शिकवणुकीशी जुळणारा असल्याने उलेमा ती सांगत आले आहेत. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाण्याचा इस्राफ करू नये, असा तिचा भावार्थ आहे. नदी भरलेली आहे, पाणी फुकट आहे, वुजू इबादत आहे. तरीही हद्द आहे. म्हणजे इस्राफ किमतीवर ठरत नाही, गरजेवर ठरतो. स्वस्त वस्तू वाया घालविणे हेही वाया घालविणेच.

मशिदीचा दिवा

हा उपदेश घरापुरता ठेवला आणि मशिदीला वगळले, तर तो अपुरा ठरेल. काही मंडळींना वाटते की अल्लाहच्या घरात काटकसर कसली. तेथे जितका झगमगाट तितका आदर. आपल्या फुकहांची भूमिका मात्र वेगळी आहे. फतावा हिंदिय्या या हनफी ग्रंथात मशिदीच्या दिव्याचा मसला आला आहे. मगरिबपासून इशापर्यंत, नमाजी येतात त्या वेळात, दिवा ठेवावा. रात्रभर तो जळत ठेवणे जायज नाही. अपवाद मस्जिदे हराम, मस्जिदे नबवी आणि बैतुल मुकद्दस यांसारख्या ठिकाणांचा, जेथे तशी पूर्वापार रीत आहे, किंवा जेथे वक्फ करणाऱ्यानेच तशी अट घातली आहे. कारण उघड आहे. ते तेल वक्फचे होते. आजची वीज चंद्याची आहे. त्या चंद्यात रिक्षावाल्याचे दहा रुपये आहेत, धुणीभांडी करणाऱ्या विधवेचे वीस रुपये आहेत. तो पैसा रिकाम्या हॉलमधील पंख्या-दिव्यांवर जाळण्याचा अधिकार ना मुतवल्लींना आहे, ना इमामाला.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांची हकीकत प्रसिद्ध आहे. हिजरी ९९ ते १०१ या अवघ्या अडीच वर्षांच्या खिलाफतीत त्यांनी न्यायाचा आदर्श उभा केला. एका रात्री दूरच्या प्रांतातून आलेल्या माणसाशी ते राज्यकारभाराविषयी बोलत होते. ते बोलणे संपले आणि पाहुण्याने त्यांच्या प्रकृतीची व घरच्यांची विचारपूस सुरू केली, तेव्हा त्यांनी समोरचा दिवा फुंकून विझविला आणि स्वतःचा साधा दिवा मागविला. विझविलेल्या दिव्यात बैतुलमालचे तेल होते. जनतेचे काम संपल्यावर ते जाळणे त्यांना मान्य नव्हते. आज मशिदीत जमात पांगल्यावर दोन मित्र कोपऱ्यात गप्पा मारत बसतात आणि त्यांच्यासाठी वीस ट्यूब जळत राहतात. त्या दोघांनी ही हकीकत आठवावी.

वीस जुन्या ट्यूबच्या जागी एलईडी पट्ट्या लावल्या आणि त्या दिवसाला चार तास जळल्या, तर वर्षाला सुमारे ८७५ युनिट वाचतात. वरच्याच दराने ही रक्कम सात हजार रुपये होते. मकतबमधील मुलांची पुस्तके त्यात येऊ शकतात.

काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातील एका घराची वीज थकबाकीमुळे तोडली गेली होती. घरातील कर्ता पुरुष आजारी, मुलगी दहावीला. मशीद त्या वेळी पायापासून मिनारापर्यंत रंगीत माळांनी सजलेली होती. कमिटीच्या बैठकीत कोणीतरी दोन कागद शेजारी ठेवले: एक त्या घराच्या थकबाकीचा, दुसरा माळांच्या भाड्याचा. थकबाकी कमी होती. बैठकीत काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर ती थकबाकी भरली गेली आणि पुढच्या वर्षी माळा लागल्या नाहीत. काही जणांना मशीद सुनी वाटली, त्यांनी तसे बोलूनही दाखविले. परंतु "दिव्याखाली अंधार" ही आपल्या मराठीतील म्हण अल्लाहच्या घराला लागू पडावी, यापेक्षा मिनारावर अंधार असलेला बरा.

लग्नातील प्रकाश आणि अन्सारचे घर

आपल्या लग्नकार्यांतही प्रकाशाची चढाओढ लागली आहे. ५०० वॅटचा एक हॅलोजन आठ तास जळला की चार युनिट वीज जाते. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा दिवा रोज चार तास लावला, तर एखादा विद्यार्थी साडेतीन महिन्यांहून अधिक काळ अभ्यास करू शकतो. मांडवात असे किती हॅलोजन असतात, हे ज्याने त्याने मोजून पाहावे. निकाहाचा आनंद व्यक्त करण्यास मनाई नाही. मात्र ज्या निकाहात खर्च हलका, तो बरकतीचा, ही शिकवण आपण भाषणात सांगतो आणि मांडवात विसरतो.

या संदर्भात एक घर आठवते. प्रेषितांकडे (स.) एक भुकेला पाहुणा आला. उम्मुल मोमिनीन यांच्या घरी पाण्याशिवाय काही नव्हते. एक अन्सारी सहाबी त्याला आपल्या घरी घेऊन गेले. तेथे अन्न होते ते फक्त मुलांपुरते. पत्नीने मुलांना निजविले, अन्न पाहुण्यापुढे ठेवले आणि दिवा नीट करण्याच्या बहाण्याने उठून तो विझवून टाकला, जेणेकरून पाहुण्याला कळू नये की यजमान जेवत नाहीत. दोघे अंधारात जेवण्याचे केवळ नाटक करीत बसले आणि उपाशी झोपले. बुखारीतील रिवायतीनुसार अल्लाह त्यांच्या त्या कृतीवर प्रसन्न झाला, आणि सूरह हश्रच्या ९ व्या आयतीत स्वतः तंगीत असूनही दुसऱ्याला अग्रक्रम देणाऱ्यांचा गौरव आला. त्या घरात दिवा विझला तो पैसे वाचविण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याचे पोट भरण्यासाठी. म्हणून आपली बचतही केवळ आपल्या खिशात परतली तर ती अर्धीच बचत. वर्षाकाठी वाचलेल्या दोन हजारांतले थोडे तरी अंधारातल्या एखाद्या घरापर्यंत पोहोचले पाहिजे.

एक कडू गोष्ट

काटकसरीविषयी बोलताना चोरीविषयी गप्प राहणे योग्य नाही. तारेवर आकडा टाकून किंवा मीटरमध्ये फेरफार करून घेतलेली वीज ही चोरी आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ नुसार तो गुन्हा आहे, आणि शरीअतनुसार ते गुलूलच्या जातीचे, म्हणजे सार्वजनिक मालातील अफरातफरीचे, पाप आहे. सरकारचे आहे, सगळेच करतात, कंपनी तरी कुठे प्रामाणिक आहे, ही सबब मीटर वाचणाऱ्यापुढे चालेलही. हिशेबाच्या दिवशी चालणार नाही. ज्याच्याकडून एका माणसाचा हक्क मारला गेला तो त्या माणसाला शोधून माफी मागू शकतो. ज्याने लाखो ग्राहकांचा हक्क मारला, तो कुणाकुणाला शोधणार? अशा विजेच्या उजेडात केलेल्या तिलावतीविषयी मनाला खरोखर समाधान वाटते का, हे ज्याचे त्याने आपल्या हृदयाला विचारावे.

आजपासून

या उपदेशाचा शेवट केवळ हळहळीत होऊ नये. आजच घरातील दिवे मोजावेत. जुने पिवळे बल्ब आणि झिरोचे बल्ब सर्वांत आधी बदलावेत. नवा दिवा घेताना केवळ वॅट पाहू नयेत. वॅट हा विजेच्या खर्चाचा आकडा आहे, उजेडाचा आकडा ल्युमेन. एका वॅटमागे ज्याचे ल्युमेन अधिक, तो दिवा चांगला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे आणि आयएसआयची खूण पाहून घ्यावी. अगदी स्वस्तातला, बिननावाचा दिवा चार महिन्यांत बंद पडला तर तो कचराही होतो आणि तोटाही. दिव्यांवरची धूळ महिन्यातून एकदा पुसावी. दिवसा खिडकीचे पडदे सारावेत. सूर्याच्या उजेडाला मीटर नाही. जुन्या सीएफएल दिव्यांत थोडा पारा असतो, म्हणून ते कचऱ्यात फोडून टाकू नयेत. फुटलाच तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर ठेवावे आणि तुकडे उघड्या हाताने उचलू नयेत.

मुलांना रागावण्याऐवजी झोपण्यापूर्वीच्या दुआंबरोबर दिवा विझविण्याची सवय लावावी. बिस्मिल्लाह म्हणून दार लावणे, बिस्मिल्लाह म्हणून भांडे झाकणे आणि दिवा विझविणे, ही तिन्ही कामे हदीसमध्ये एकत्र आली आहेत. मूल जेव्हा या नियतीने बटण बंद करते, तेव्हा ते केवळ आई-वडिलांचे बिल वाचवीत नाही. ते सुन्नत जिवंत करते आणि त्याचा सवाब मिळविते. घरातील मोठ्यांनी मात्र हे आधी स्वतः केले पाहिजे, कारण मुले कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकतात.

सूरह नूरच्या ३५ व्या आयतीत अल्लाहने आपल्या प्रकाशासाठी दिव्याची उपमा दिली आहे: कोनाड्यात ठेवलेला, काचेत असलेला, शुद्ध जैतुनाच्या तेलावर जळणारा दिवा. त्या उपमेचा अर्थ हिदायतीचा आहे, विजेचा नाही, हे उघड आहे. तरी त्या दिव्याकडे पाहा. कोनाडा प्रकाश विखुरू देत नाही, काच वाऱ्यापासून ज्योत जपते, तेल निर्मळ आहे. त्यात काहीही वाया जात नाही. मोमिनचे जीवनही असेच असावे: थोड्या साधनांत अधिक उजेड देणारे आणि कुणाच्याही अंगणात धूर न सोडणारे.

हे अल्लाह, आमच्या घरांना हलाल कमाईच्या उजेडाने उजळ. तू दिलेल्या नेमतींची कदर करण्याची आणि त्यांचा इस्राफ टाळण्याची आम्हाला बुद्धी दे. ज्यांच्या घरात आज अंधार आहे त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची आम्हाला तौफिक दे. आमच्या कबरीत, जेथे कुठलाच दिवा सोबत येणार नाही, तेथे आमच्या ईमानाला आणि नेक अमलांना आमचा प्रकाश बनव. आमीन.